प्रवासी बोटीचं हॉस्पिटल करताना रंग सगळ्यात शेवटी लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: ५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनाच्या निमित्ताने 'लॉयल्टी' बोटीबद्दल वाचताना ती आधी महायुद्धात हॉस्पिटल शिप होती असं कळलं. तर प्रवासी बोटीचं हॉस्पिटल करतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, एवढा मोठा क्रॉस रंगवूनही अशा बोटी का बुडाल्या, आणि आजची क्रूझ बोट तशी वापरता येईल का?

माझी निम्मी नोकरी प्रवासी बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली आणि निम्मी गोदीत बोटी दुरुस्त करून घेण्यात. त्यामुळे डॉक्टरांच्या बाजूचं कमी बोलेन. नळ, पंप, दारं आणि जिने यांबद्दल जास्त. हॉस्पिटल शिप चांगली ठरते की वाईट, हे बहुतेक वेळा याच चार गोष्टींवर ठरतं असं माझं मत आहे.

आधी लॉयल्टीचं. तिचं मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. इंग्लंडमधल्या बॅरोच्या कारखान्यात १८९० मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती पाण्यात उतरली. सुमारे ५,९०० टनांची, दोन पंख्यांची (म्हणजे प्रॉपेलरची), सोळा नॉट वेगाची बोट. व्हँकुव्हरहून योकोहामा, शांघाय, हाँगकाँग अशी तिची फेरी असे. १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली आणि हिंदी सैनिकांसाठी तिचं हॉस्पिटल झालं. १९१५ च्या सुरुवातीला नाव बदलून 'लॉयल्टी' ठेवलं. शिंद्यांना हे काम नवीन नव्हतं. १९०० च्या चीन मोहिमेतही त्यांनी 'ग्वाल्हेर' नावाची हॉस्पिटल शिप दिली होती. गंमत म्हणजे कॅनेडियन पॅसिफिकच्या या एम्प्रेस बोटी मुळातच पांढऱ्याशुभ्र असत, त्यामुळे रंगाऱ्यांचं काम तसं सोपंच गेलं असणार.

युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या भागीदारांनी ती शिंद्यांकडून घेतली. त्यांच्या जहाज कंपनीचं नाव 'सिंदिया' पडलं ते त्यामुळेच. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनकडे निघाली. राजनिष्ठेचं नाव मिरवणाऱ्या बोटीवरून स्वदेशी जहाज कंपनीची पहिली फेरी झाली, हा योगायोग मला अजूनही मजेशीर वाटतो. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. पुस्तकांतून याचं कारण बहुतेक इंग्रज कंपन्यांच्या दरयुद्धाशी जोडलेलं असतं आणि ते दरयुद्ध खरंच होतं. पण माझ्यासारख्याला आधी दिसतं ते तिचं वय. तिशीला टेकलेली बोट, वॉर्डांसाठी आतलं सुतारकाम मोडलेलं, आणि मग पुन्हा तिच्यात गिऱ्हाइकांसाठी केबिन उभ्या करायच्या. बोट हॉस्पिटल करायला जेवढा खर्च येतो, त्याहून जास्त ती परत प्रवासी करायला येतो. तोडायला पहार पुरते, जोडायला कारागीर लागतात.

आता मूळ प्रश्न. प्रवासी बोटच का घेतात? कारण तिच्यात आधीपासून शेकडो माणसांचं राहणं, खाणं, धुणं, न्हाणं असतं. मालवाहू बोटीत मोठी पोकळी मिळते, पण तिथे प्यायच्या पाण्याच्या टाक्या, मोठं स्वयंपाकघर, लाँड्री, संडास, हवा खेळवणारे पंखे आणि पुरेसे जनरेटर हे सगळं नव्याने बसवावं लागतं. शिवाय प्रवासी बोट वेगाने धावते आणि तिच्यावर लाइफबोटी भरपूर असतात. इथपर्यंत सगळं सोयीचं आहे. अडचण एवढीच की प्रवासी चालत येतो आणि रुग्ण आडवा येतो. प्रवासी बोटीचा प्रत्येक जिना, प्रत्येक वळण आणि प्रत्येक दार चालणाऱ्या माणसाच्या मापाने बनवलेलं असतं.

हे किती महत्त्वाचं आहे ते एकदा जवळून पाहिलं. इंजिनरूममध्ये एका ऑइलरचा, म्हणजे यंत्रांना तेल घालणाऱ्या कामगाराचा, पाय मोडला. तळातून त्याला वर काढायला नील रॉबर्टसन स्ट्रेचर होतं, म्हणजे कॅनव्हासमध्ये शिवलेल्या बांबूच्या पट्ट्या. माणसाला त्यात गुंडाळून पट्टे आवळले की त्याला गाठोड्यासारखं उभंही उचलता येतं. सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, वरून दोर सोडला, त्याच्या हाताखालचा टंडेल खालून आधार देत राहिला आणि शिड्यांच्या मधल्या पोकळीतून त्याला सरळ वर ओढून घेतलं. तो भाग झटक्यात झाला. खरी रड पुढे सुरू झाली. कामगारांच्या बोळातून बोटीच्या दवाखान्याकडे वळताना काटकोनी वळण होतं. स्ट्रेचर तिथे आडवं वळेना. पुढचे दोघे बोळात, मागचे दोघे बाहेर, आणि मध्ये तो ऑइलर ओठ चावत पडलेला. शेवटी स्ट्रेचर पुन्हा उभं करून त्याला वळवलं आणि लोखंडी उंबऱ्यावरून उचलून आत नेलं. शांत समुद्र, एकच रुग्ण, आणि हाताशी भरपूर माणसं होती. आता हेच रात्री, बोट डोलत असताना, एकामागून एक शंभर स्ट्रेचर येत असताना कसं होईल याची कल्पना करा.

म्हणून हॉस्पिटल करायला घेतलेल्या बोटीवर पहिल्या दिवशी नकाशा पसरून बसायचं नसतं. रिकामं स्ट्रेचर घेऊन चौघांनी बोटभर फिरायचं असतं. जिथे ते अडकेल तिथे खडूने खूण करायची. रुग्ण बोटीवर चढतो ती जागा, तिथून तपासणीची जागा, तिथून ऑपरेशन थिएटर, तिथून वॉर्ड आणि वॉर्डातून लाइफबोट, हा रस्ता एका सलग डेकवर बसवता आला तर निम्मं काम झालं. एखादा जिना लागलाच तर तिथे लिफ्ट किंवा उतार हवा.

मोठा वॉर्ड डायनिंग सलूनमध्येच का होतो, याचं उत्तरही यातच आहे. सलून ऐसपैस, बोटीच्या मधोमध, दारं रुंद आणि स्वयंपाकघर शेजारी. टायटॅनिकची धाकटी बहीण 'ब्रिटानिक' एकदाही तिकीट काढलेला प्रवासी न घेता १९१५ च्या डिसेंबरात हॉस्पिटल शिप झाली. तिच्यातही पहिल्या वर्गाचं भोजनगृह आणि स्वागतकक्ष यांचेच मुख्य वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर झाले. तीन हजारांहून जास्त खाटा होत्या तिच्यात. केबिन मात्र फारशा उपयोगी पडत नाहीत. एकेका केबिनमध्ये दोन रुग्ण ठेवले तर परिचारिका दिवसभर दारंच उघडत बसेल. त्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि संसर्गाच्या रुग्णांना द्यायच्या.

केबिनच्या भिंती पाडून मोठी खोली करता येते, पण कुठली भिंत पाडायची हे इंजिनियरला विचारल्याशिवाय कोणी हात लावू नये. लाकडी पार्टिशन हे नुसतं फर्निचर असतं. वॉटरटाइट बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणारी आडवी भिंत, हा बोटीचा जीव असतो. त्यात केबल न्यायला पाडलेलं भोकसुद्धा नीट बुजवलं नाही तर पुढे पाणी तिथूनच शिरतं.

डॉक्टरमंडळी हमखास विचारतात, "थिएटर कुठे ठेवायचं?" बोट पुढे-मागे झुलते तेव्हा टोकं सर्वांत जास्त वरखाली होतात, म्हणून मधोमध. वर जावं तसा हेलकावा वाढतो, म्हणून फार वरही नको. पण जागेपेक्षाही एक गोष्ट जास्त महत्त्वाची असते आणि तिच्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. ती म्हणजे वजनाची मांडणी. माल नसलेली बोट हलकी होते, मग तळात बॅलास्ट, म्हणजे नुसतं वजनासाठीचं ओझं, भरतात. तो जास्त खाली, जास्त प्रमाणात भरला की बोट 'स्टिफ' होते. ती बुडायची भीती कमी, पण एका बाजूला कलली की धक्का देऊन ताडकन सरळ होते. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला असा एकेक झटका म्हणजे यातना. सर्जनच्या हातालाही तो झटका बसतोच. उलट बोट फार 'टेंडर' ठेवली तर ती सावकाश, आरामात डोलते, पण आत पाणी शिरल्यावर तिच्याकडे राखीव ताकद कमी उरते. हॉस्पिटल शिपच्या चीफ ऑफिसरला या दोन्हींच्या मधला आकडा गाठायचा असतो. त्यात वरच्या डेकवर हेलिकॉप्टरचा प्लॅटफॉर्म चढवला की सगळा हिशेब पुन्हा मांडायचा. खाटा शक्यतो बोटीच्या लांबीच्या दिशेने लावतात. आडव्या लावल्या तर प्रत्येक हेलकाव्याला माणसाचं कधी डोकं खाली, कधी पाय खाली.

आता पाणी आणि मैला. यावर जरा थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त जीव जातात.

प्रवासी सकाळी अंघोळ करतो, तेवढ्यावर त्याचा दिवस निघतो. रुग्णाच्या चादरी दिवसातून कितीदा बदलाव्या लागतील ते सांगता येत नाही. जखमा धुवायच्या, हत्यारं उकळायची, प्लास्टर भिजवायचं, भांडी जंतुमुक्त करायची. टाक्यांमधलं गोडं पाणी बघता बघता तळाला जातं. संडासाला समुद्राचं पाणी चालतं, बाकी सगळ्याला गोडं लागतं. म्हणून समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र वाढवल्याशिवाय खाटा वाढवण्यात अर्थ नसतो. वाफेच्या काळात एक सोय होती: बॉयलर पेटलेलाच असे, त्यामुळे स्टरिलायझरला वाफ आणि लाँड्रीला गरम पाणी हवं तेवढं. डिझेल आलं आणि हे सगळं जनरेटरवर पडलं.

मैल्याचं गणित अजून वेगळं. पाण्याच्या पातळीच्या वरच्या डेकवरचे संडास उताराने वाहतात. पातळीच्या खालचे टाकीत पडतात आणि पंपाने उपसावे लागतात. हा पंप कधी तुंबतो? चिंधी, पट्टी, कापूस अडकला की. म्हणजे हॉस्पिटलमध्ये रोज. म्हणून हगवणीचे, कॉलऱ्याचे रुग्ण वरच्या डेकवरच ठेवावेत असं मी ठामपणे सांगेन, मग तिथल्या सुंदर केबिन मोडाव्या लागल्या तरी चालेल. एम्प्रेससारख्या बोटीत सर्वांत मोकळी जागा खालच्या डेकवर असे. तिथे स्टीअरेजचे शेकडो गरीब प्रवासी दाटीने नेत. नकाशावर ती जागा तयार वॉर्डासारखी दिसते. तिच्या मोहात पडू नये.

हिंदी सैनिकांच्या बोटीवर आणखी एक काम वाढे, ते म्हणजे स्वयंपाकघरं. इंग्लंडात ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी हॉस्पिटल काढलं तेव्हा तिथे नऊ स्वयंपाकघरं उभारावी लागली, आणि हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळही वेगळे ठेवले. जमिनीवर हे मंडप घालून जमतं. बोटीवर प्रत्येक चुलीला धुराडं, पाण्याची लाइन, सांडपाण्याची लाइन आणि आगीची व्यवस्था लागते, आणि भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारीही वेगळा.

हे सगळं नसलं तर काय होतं, याचा दाखला पहिल्या महायुद्धातच आहे. १९१५ च्या नोव्हेंबरात मेसोपोटेमियात, बगदादच्या अलीकडे टेसिफोनची लढाई झाली. तिथे लढलेल्या हिंदी सैन्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. हजारो जखमी झाले. टायग्रिस नदी उथळ, त्यामुळे हॉस्पिटल शिप बसऱ्याच्या वर जाऊ शकत नव्हत्या. नदीतून जखमींना खाली आणायला वेगळी सोय केलेलीच नव्हती. जी मिळेल ती स्टीमर आणि तिला बांधलेले लोखंडी तराफे. 'मेजिदिए' नावाच्या स्टीमरवरून असे सुमारे सहाशे जखमी बसऱ्याला आले. प्रवासाला जवळजवळ दोन आठवडे लागले होते.

बसऱ्याला 'वरेला' ही हॉस्पिटल शिप उभी होती. तिचे प्रमुख डॉक्टर होते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर मार्कहॅम कार्टर. मेजिदिए जवळ येत असताना लांबून त्यांना वाटलं, तिच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत. जवळ आल्यावर दुर्गंधी आली आणि कळलं की ते वाळलेल्या मैल्याचे ओघळ आहेत. डेकवर माणसं इतकी खच्चून भरली होती की हगवण लागलेल्यांना कडेपलीकडेही बसता येत नव्हतं. मोडलेल्या पायांना व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या बांधलेले जखमीही त्यांत होते. कार्टर यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली तर उलट त्यांनाच लुडबुड्या ठरवून दम भरला. पुढे चौकशी आयोग बसला, त्यापुढे त्यांनी हे सगळं सांगितलं आणि १९१७ मध्ये अहवाल छापून आल्यावर लंडनमध्ये मोठं वादळ उठलं.

इंजिनियर म्हणून मी यात बघतो ती गोष्ट अशी: मेजिदिएवर जे मेले ते सगळे काही गोळीने मेले नाहीत. वरेलावर उत्तम सर्जन होते, पण त्यांच्यापर्यंत माणूस पोचायच्या आधीचा रस्ता कोणी बांधलाच नव्हता. नदीची स्टीमर, समुद्रातली बोट आणि बंदरावरचं हॉस्पिटल ही एकच लाइन असते. मुंबईच्या टोकाला तरी व्यवस्था बरी होती. नवीन बांधून तयार झालेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत, म्हणजे आपलं आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्या काळात सैनिकांचं हॉस्पिटल म्हणून वापरली गेली. तिथे बाप्ये-बायका आज मूर्ती बघत हिंडतात, पण त्या दालनांत आधी खाटा होत्या हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

हवेबद्दल एकच उदाहरण देतो, पण ते महागात पडलेलं आहे. २१ नोव्हेंबर १९१६ ला ब्रिटानिक ग्रीसच्या किया बेटाजवळ जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर आदळली. टायटॅनिकनंतर तिची रचना मुद्दाम भक्कम केलेली होती. तरी ती ५५ मिनिटांत बुडाली, टायटॅनिकच्या जवळपास एक तृतीयांश वेळात. एक मोठं कारण पोर्टहोल, म्हणजे बोटीच्या अंगातल्या गोल खिडक्या. धोक्याच्या पाण्यात ती बंद ठेवायची असा नियम होता, पण रुग्ण घ्यायला जायच्या आधी वॉर्डांना हवा लागावी म्हणून परिचारिकांनी ती उघडली होती. बोट एका बाजूला कलली आणि उघड्या पोर्टहोलमधून पाणी धो धो आत आलं. कप्तानाने बोट बेटावर चढवायचा प्रयत्न केला, पण पुढे चालत राहिल्याने पाणी आणखी वेगाने शिरलं. हुकूम नसताना सोडलेल्या दोन लाइफबोटी फिरत्या पंख्यात ओढल्या गेल्या. बोटीवर हजाराच्या वर माणसं होती, त्यांतली तीस गेली. रुग्ण एकही नव्हता. खाटा भरलेल्या असत्या तर ५५ मिनिटांत तीन हजार आडवी माणसं कशी उतरवली असती, याचं उत्तर मला सापडत नाही. स्ट्रेचरवरचा एक माणूस लाइफबोटीत बसलेल्या तीन-चार माणसांची जागा खातो.

मी परिचारिकांना दोष देत नाही. वॉर्डात घुसमट होत असेल तर कोणीही खिडकी उघडेलच. दोष हवा खेळवायच्या यंत्रणेचा. पंख्यांनी पुरेशी हवा आत येत असती तर पोर्टहोलला कोणी हात लावला नसता. तांबडा समुद्र आणि इराणचं आखात यांतून जाणाऱ्या बोटींवर तर हा उष्माघाताचा, म्हणजे सरळ जगण्या-मरण्याचा प्रश्न असे.

एवढं सगळं झालं की मग रंग. १९०७ च्या हेग कराराप्रमाणे सरकारी हॉस्पिटल शिप पांढरी आणि तिच्या अंगावर सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा. खासगी मदतसंस्थेची असेल तर पट्टा लाल. १९४९ च्या जिनिव्हा कराराने पट्टे काढले. सगळं बाह्यांग पांढरं, आणि दोन्ही बाजूंना व वरून दिसेल असे गडद लाल क्रॉस, जमतील तेवढे मोठे. बोट कामाला लावायच्या दहा दिवस आधी शत्रूला तिची माहिती कळवायची: टनेज, लांबी, डोलकाठ्या किती, धुराडी किती. पेरिस्कोपमधून बोट ओळखायची ती याच खुणांनी. रात्री इतर सगळ्या बोटी अंधार करून जात असताना हिने दिवे लावून, क्रॉसवर झोत टाकून जायचं. शत्रूला तिची झडती घेता येते. तिने गुप्त संकेतात बिनतारी संदेश पाठवायचा नाही. आणि हॉस्पिटल केलेली व्यापारी बोट ते युद्ध संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायची नाही. परतीच्या रिकाम्या फेरीत "जाता जाता" दोनशे सैनिक नेले की संरक्षण संपलं.

मग बोटी बुडाल्या का? ब्रिटानिकचं उत्तर सोपं आहे: सुरुंगाला रंग दिसत नाही. जून १९१८ मध्ये 'लँडोव्हरी कॅसल' ही कॅनडाच्या जखमींची बोट आयर्लंडजवळ बुडवली गेली, ती मात्र डोळ्यांदेखत. पाणबुडीच्या कप्तानाला संशय होता की तिच्यावर अमेरिकी वैमानिक आहेत. तसं काही सापडलं नाही, तेव्हा साक्षीदार राहू नयेत म्हणून लाइफबोटींवर गोळ्या झाडल्या. २३४ जण गेले, २४ वाचले. १९२१ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने त्या पाणबुडीच्या दोन अधिकाऱ्यांना शिक्षा दिली. १९४३ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियाची 'सेंटॉर' पहाटे, दिवे लावलेली असताना, टॉर्पेडोने बुडाली. ३३२ पैकी ६४ वाचले. तिच्यावर न्यू गिनीला चाललेलं वैद्यकीय पथक होतं आणि त्यातल्या ड्रायव्हरांनी आपल्या रायफली बरोबर घेतल्या होत्या. त्यावरून धक्क्यावरच वाद झाला होता. रायफलींमुळे बोट बुडाली असं म्हणायला काही आधार नाही. पण संशय कशावर पोसला जातो ते दिसतं. मी कप्तान असतो तर त्या रायफली धक्क्यावरच ठेवायला लावल्या असत्या, ड्रायव्हर कितीही चिडले तरी.

नियम दोन्ही बाजूंनी पाळले तर हीच गोष्ट किती सुरळीत होते, ते १९८२ च्या फॉकलंड युद्धात दिसलं. 'युगांडा' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची १९५२ ची बोट. ते नाव मुंबईच्या जुन्या खलाशी घराण्यांना चांगलंच ओळखीचं. युगांडावर तेव्हा शाळकरी मुलांच्या सहली चालत. एप्रिलमध्ये ती भूमध्य समुद्रात असतानाच सरकारने ताब्यात घेतली. मुलांना नेपल्सला उतरवलं आणि जिब्राल्टरला तीनेक दिवसांत तिचं हॉस्पिटल केलं. इतक्या लवकर कसं जमलं? कारण मुलांच्या झोपायच्या मोठ्या डॉर्मिटऱ्या होत्या. केबिन पाडायचीच फारशी गरज पडली नाही, वॉर्ड तयारच होते. कामगारांचा वेळ गेला तो पिछाडीला हेलिकॉप्टरचा प्लॅटफॉर्म उभारण्यात आणि त्याला खालून आधार देण्यात, गोड्या पाण्याचं यंत्र बसवण्यात आणि भरसमुद्रात इंधन घेण्याची सोय करण्यात. बेटांच्या उत्तरेला समुद्राचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी हॉस्पिटल शिपसाठी मान्य केला. तिथे युगांडा थांबे. जखमी तिच्यावर येत आणि बरे होऊ लागले की लहान बोटी त्यांना माँटेव्हिडिओला नेत, तिथून विमानाने घरी. तिच्यावर उपचार झालेल्या सातशेहून जास्त जखमींत सुमारे दीडशे अर्जेंटिनाचे होते. मी मघाशी म्हटलेली ती एकच लाइन इथे आखलेली होती.

राहिली आजची क्रूझ बोट. तिच्याकडे लिफ्ट आहेत, रुंद लॉबी आहेत, पाणी गोडं करायची प्रचंड क्षमता आहे. पण आत सगळीकडे केबिनच केबिन. त्या आता कारखान्यातून तयार खोके म्हणून येतात, एकेक पाडून वॉर्ड करणं म्हणजे डोकेदुखी. वरचे मजले उंच आणि काचांनी भरलेले. हवाही बरीचशी वातानुकूलित, फिरवून वापरलेली. २०२० मध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ माणसं होती आणि ७१२ जणांना कोरोना झाला. संसर्गाचे रुग्ण ठेवायचे तर तिच्या वातानुकूलनाची अख्खी रचना बदलावी लागेल.

मला निवडायला सांगितलं तर मी गाड्या नेणारी रो-रो फेरी घेईन. त्याच साली मार्चमध्ये इटलीने जेनोआला 'जीएनव्ही स्प्लेंडिड' ही फेरी हॉस्पिटल म्हणून वापरली, ती उगाच नाही. रॅम्प उघडला की रुग्णवाहिका थेट पोटात शिरते, जिना चढायचा प्रश्नच नाही. गाड्यांचा डेक जड वजनासाठीच बांधलेला असतो, त्यामुळे एक्स-रे, जनरेटर, ऑक्सिजनची टाकी तिथे निर्धास्त ठेवता येते. फक्त एक अट आहे. तो डेक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतो, मध्ये बल्कहेड नसते. १९८७ मध्ये 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज'चं पुढचं दार उघडं राहिलं, गाड्यांच्या डेकवर पाणी पसरलं आणि बोट काही क्षणांत आडवी झाली. १९३ माणसं गेली. म्हणून त्या डेकवर रुग्णांची फक्त उतरवणी आणि पहिली तपासणी करायची. खाटा सगळ्या वरच्या मजल्यांवर, आणि धक्का सोडण्यापूर्वी रॅम्प बंद झाल्याची खात्री ब्रिजवरच्या, म्हणजे कप्तान बोट चालवतो तिथल्या, दिव्यावर विसंबून न करता माणूस पाठवून करायची.